ट्रॅकवरून परतल्यावर दर वेळी थरथरणारे स्टिअरिंग आणि ब्रेक पॅडची निवड

धुळ्यातून मुंबई–आग्रा महामार्गाला लागले, की इंदूर, ग्वाल्हेर आणि आग्रा मागे टाकत पुढे यमुना द्रुतगती मार्गाने थेट ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटच्या दारात पोहोचता येते. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी ट्रकवर लादून नेण्याइतका पैसा नसल्यामुळे मी रोजच्या वापरातील हॅचबॅकच तेथपर्यंत चालवत नेतो, दिवसभर ट्रॅकवर पळवतो आणि तीच घेऊन घरी येतो. पहिल्या तीन खेपांमध्ये मला एकच त्रास तीनदा झाला. परतीच्या वाटेवर टोलनाका दिसल्यावर नव्वद-शंभरच्या वेगात ब्रेकवर हलकासा पाय ठेवला, की स्टिअरिंग हातात थरथरू लागे आणि पेडल पायाखाली एका लयीत वरखाली होई.

तीनही वेळा निदान एकच झाले : "डिस्क वाकी गयी, भाऊ." पहिल्या दोन वेळा मी ते निमूटपणे मान्य केले. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, लेथवर घासून घेतल्या, त्यांना चिमटून थांबवणारे पॅड नवे टाकले आणि गाडी महिनाभर गुळगुळीत चालली. मग साधारण दोन हजार किलोमीटर झाल्यावर, ट्रॅकचे तोंडही न पाहता, थरथर पुन्हा सुरू झाली. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. ट्रॅकवर डिस्क खरोखरच वाकली असती, तर लेथवर सरळ केलेली डिस्क शहरातल्या वापराने परत वाकण्याचे कारण नव्हते.

म्हणून तिसऱ्या वेळी लेथ सुरू करण्याआधी मी टर्नरला मोजमाप करायला सांगितले. डिस्क गाडीवरच असताना डायल गेज लावून चाकाचा हब हाताने फिरवला, तेव्हा काटा ०.०९ मिलिमीटर हलला. म्हणजे फिरताना डिस्क तेवढी डगमगत होती. बहुतेक छोट्या गाड्यांत या डगमगीची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असते, म्हणजे आकडा काठावरचा होता. नंतर डिस्क काढून टेबलावर ठेवली, खडूने आठ समान खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपाशी मायक्रोमीटरने जाडी घेतली. आठपैकी पाच ठिकाणी जाडी २१.९४ किंवा २१.९५ होती, उरलेल्या तीन लागोपाठच्या खुणांवर मात्र ती २१.९६ आणि २१.९७ भरली. फरक ०.०३ मिलिमीटरचा, केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. तरीही ब्रेकच्या पेडलला हा फरक स्पष्ट जाणवतो, कारण जाडीतील ०.०१ ते ०.०२ मिलिमीटरचा चढउतारसुद्धा पॅड दाबणाऱ्या पिस्टनला मागेपुढे ढकलतो आणि तो धक्का ऑइलमार्फत थेट पायापर्यंत येतो.

त्या तीन खुणांच्या जागी डिस्कचा रंगही वेगळा होता. उजेडात तिरपी धरल्यावर तेथे निळसर काळपट पट्टा दिसत होता, आणि त्याची कड नेमकी पॅडच्या आकाराची होती, पॅडच्या मधल्या खाचेसकट. टर्नरने त्यावरून नख फिरवले आणि तोच म्हणाला, "हाऊ ते पॅडना ठसा शे, भाऊ." निदान तेथेच बदलले. डिस्क वाकलेली नव्हती, तिच्यावर पॅडचा माल चिकटला होता.

हा माल चिकटतो कसा, हे समजून घेतल्याखेरीज पॅडची निवड नीट होत नाही. ब्रेक लागतो तो दोन प्रकारच्या घर्षणाने. पॅड थंड असताना त्यातील कठीण कण डिस्कच्या लोखंडाला खरवडतात. पॅड आपल्या ठरलेल्या तापमानात आला, की त्याच्या मालाचा अतिशय पातळ थर डिस्कवर बसतो आणि पुढचे बहुतेक घर्षण पॅड व तो थर यांच्यात होते. थर सर्वत्र सारखा असेल, तर ब्रेक लोण्यासारखा लागतो. पॅड सोसण्यापलीकडे तापला, तर त्यातील कण बांधून ठेवणारी राळ जळू लागते, माल मऊ पडतो आणि डिस्कवर ठिपक्याठिपक्यांनी लिंपला जातो. अशा तापलेल्या अवस्थेत पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, येऊन ब्रेकवर पाय दाबून उभे राहिले, तर पॅडचा संपूर्ण ठसा एकाच जागी उमटतो. मी पहिल्या खेपेला हेच केले होते. मार्शलने हात दाखवला, मी थांबलो आणि पुढची गाडी बाहेर पडेपर्यंत मिनिटभर पेडल घट्ट दाबून बसलो.

पुढचे दुष्टचक्र आपोआप फिरू लागते. जेथे माल जास्त चिकटला आहे, तेथे घर्षण जास्त, म्हणून उष्णता जास्त, म्हणून आणखी माल तेथेच चिकटतो. ती जागा सुमारे ६५० ते ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली, तर तेथील ओतीव लोखंडाची रचनाच बदलते आणि सिमेंटाइट नावाचे लोह व कार्बनचे अत्यंत कठीण संयुग तयार होते. त्याची मुळे आतपर्यंत गेलेली असतात. लेथचे हत्यार वरचा थर काढते, मात्र आतला कठीण डाग तसाच राहतो. पुढे वापरात भोवतालचे मऊ लोखंड लवकर झिजते, डाग उंच राहतो आणि थरथर परत येते. अशा डिस्कवर लेथचे पैसे घालू नयेत, ती सरळ भंगारात द्यावी.

माझ्या गाडीत आणखी एक कारण दडलेले होते, आणि लेथनंतर दोन हजार किलोमीटरांनी दुखणे का उलटत होते याचे उत्तर त्यात होते. डिस्क ज्या हबवर बसते त्याच्या तोंडावर गंजाची खपली जमली होती. लेथवर डिस्क स्वतःपुरती सरळ होत असे, पण गंजावर बसवली की पुन्हा तिरकी फिरत असे. तिरकी फिरणारी डिस्क ब्रेक न लावताही प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी घासते आणि हजार-दोन हजार किलोमीटरांत जाडीतील फरक नव्याने निर्माण करते. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब चकचकीत केल्यावर तेच डायल गेज ०.०३ दाखवू लागले. गॅरेजमध्ये चाकाचे नट हवेच्या गनने एका दमात आवळण्याची जी पद्धत आहे, तिनेही डिस्क तिरकी बसू शकते. नट समोरासमोरच्या क्रमाने, हाताने आणि शेवटी टॉर्क पान्ह्याने गाडीच्या पुस्तकातील आकड्याप्रमाणेच आवळावेत.

पेडल काय सांगते

पॅड बदलायला धावण्याआधी ट्रॅकवर नेमके काय बिघडले, हे पेडलवरून ओळखता येते, आणि येथेच बहुतेकांची चूक होते, कारण तिन्ही बिघाडांना सरसकट "ब्रेक गेले" असे म्हटले जाते.

पेडल नेहमीच्याच उंचीवर, दगडासारखे कडक राहते, पण कितीही दाबले तरी गाडी थांबायला तयार नसते, हा पॅडचा फेड. पॅडमधील राळ तापून वायू सोडते, पॅड व डिस्क यांच्यात त्याचा थर येतो आणि घर्षणाचा अंक कोसळतो. कोऱ्या पॅडवर पहिल्याच जोरदार वापरात हे घडले, तर तो पॅड वाईट असेलच असे नाही. त्यातील राळ अजून पूर्ण भाजली गेलेली नसते, इतकाच त्याचा अर्थ. मुरवलेल्या, म्हणजे आधी पद्धतशीर तापवून तयार केलेल्या, पॅडवर हे घडले, तर मात्र तो पॅड त्या कामाचा नाही.

पेडल मऊ पडते, खोल जाते आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येते, तेव्हा दोष पॅडचा नसून ब्रेक ऑइलचा असतो. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते. येथे महागडे पॅड घातले, तर परिस्थिती उलट बिघडते, कारण जास्त सोसणारा पॅड चालकाला आणखी उशिरा व आणखी जोरात ब्रेक मारू देतो आणि कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागात, आणखी उष्णता ढकलतो. ब्रेक ऑइलची प्रत डॉटच्या आकड्याने सांगतात. डॉट ३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २०५ अंश आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १४० अंश धरलेला आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. ऑइल हवेतील ओल शोषत राहते, त्यामुळे दोन पावसाळे पाहिलेले ऑइल डब्यावरच्या मोठ्या आकड्याचे नसते. ट्रॅकला निघण्याआधी मी ते पूर्ण बदलतो. मोटुल आरबीएफ ६०० सारख्या ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे, आणि पॅडवर खर्च करण्याआधी पहिला पैसा येथे घालावा, असे माझे ठाम मत आहे. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळेच ऑइल आहे. नावातील आकडा मोठा दिसतो म्हणून ते डॉट ४ मध्ये मिसळू नये.

तिसरा प्रकार म्हणजे पेडलची लय आणि स्टिअरिंगची थरथर. त्याविषयी वर सविस्तर लिहिले आहे.

उष्णतेचा हिशेब

ट्रॅक आणि रस्ता यांत किती अंतर आहे, हे शब्दांपेक्षा आकड्यांनी लवकर पटते. माझी गाडी चालकासह सुमारे अकराशे किलो भरते. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या शेवटी माझ्यासारखी साधी गाडीही १६० च्या आसपास असते आणि चौथ्या वळणासाठी ती ७० पर्यंत आणावी लागते. या एका ब्रेकिंगमध्ये सुमारे ८८० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. त्यातील पाऊण हिस्सा पुढच्या दोन डिस्कवर येतो, असे धरले तर प्रत्येक डिस्कच्या वाट्याला ३३० किलोज्यूल येतात. पाच किलोच्या ओतीव डिस्कचे तापमान एवढ्याने सुमारे १३५ अंशांनी चढते, तेही तीन-चार सेकंदांत. पुढच्या वळणापर्यंत ते पूर्ण उतरत नाही, तोच पुन्हा ब्रेक. पाच-सहा फेऱ्यांत डिस्क पाचशेच्या पुढे जाते, यात नवल नाही.

आता घाटाचा हिशेब पाहू. हीच गाडी शंभर मीटर उंची उतरली, की तिला जवळजवळ तेवढीच ऊर्जा सोडावी लागते, जेवढी १६० च्या वेगावरून पूर्ण थांबताना लागते : दोन्हींचे उत्तर सुमारे १०.८ लाख ज्यूल येते. हा आकडा मी पहिल्यांदा काढला, तेव्हा कागद दोनदा तपासला होता. मात्र ट्रॅकवर ही उष्णता काही सेकंदांत ओतली जाते, तर पाच टक्के उतारावर ताशी चाळीसने शंभर मीटर उतरायला तीन मिनिटे लागतात. शिवाय दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन बराच भार स्वतःवर घेते. म्हणून संभाजीनगरहून कन्नड घाटाने चाळीसगावकडे उतरताना गिअर नीट वापरणाऱ्या चालकाला कंपनीचे साधे पॅड पुरेसे आहेत, आणि न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याला रेसचे पॅडही वाचवतील याची खात्री नाही. भरलेल्या ट्रकला हाच नियम चाळीस पट वजनाने लागू होतो. सेंधव्याकडून बिजासन घाट उतरून शिरपूर तालुक्यात येणाऱ्या रस्त्यावर, पळासनेरजवळ, जुलै २०२३ मध्ये ब्रेक निकामी झालेल्या कंटेनरने केलेला अपघात आपल्या भागात कोणी विसरलेले नाही.

आपल्याकडे ब्रेकच्या प्रत्येक तक्रारीचे खापर उन्हावर फोडण्याची सवय आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो हे खरे, पण डिस्क पाचशे अंशांवर असताना बाहेर पंधरा अंश आहेत की पंचेचाळीस, याने पॅडचा निकाल क्वचितच बदलतो. हवेचा परिणाम दिसतो तो थंडीत, आणि उलट्या दिशेने. डिसेंबरच्या पहाटे धुळ्यात पारा दहाच्या खाली असतो, तेव्हा घरातून निघाल्यावर पहिल्या चौकात ट्रॅकचा पॅड जवळजवळ लाकडासारखा वागतो.

पॅड निवडताना

यावरून निवडीचा एकच प्रश्न उरतो : या पॅडला सर्वांत थंड अवस्थेत कोठे थांबावे लागणार आहे आणि सर्वांत गरम अवस्थेत कोठे? दुकानदार दुसऱ्या टोकाबद्दल भरभरून बोलतो. पहिल्या टोकाबद्दल आपणच विचारावे लागते.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेला छापलेली दोन इंग्रजी अक्षरे, म्हणजे एफएफ, जीजी वगैरे, हा पहिला दाखला समजला जातो. अमेरिकेतील एसएई संस्थेच्या जे८६६ पद्धतीनुसार पहिले अक्षर साधारण तापमानातील आणि दुसरे गरम अवस्थेतील घर्षणाचा गट दाखवते. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. मात्र या चाचणीतील "गरम" साडेतीनशे अंशांच्याही अलीकडे संपते. त्यामुळे जीजी छापलेला पॅड साडेपाचशे अंशांवर काय करेल, हे ती अक्षरे सांगतच नाहीत. युरोपातील आर९० प्रमाणपत्राचेही तसेच आहे. बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे जाणार नाही, एवढी हमी त्यात आहे. रस्त्यासाठी ती मोलाची आहे, ट्रॅकसाठी अपुरी आहे.

म्हणून उत्पादकाने दिलेला तापमानाचा पट्टा पाहावा. फेरोडो डीएस २५०० साठी तो २० ते ५०० अंश असा दिला जातो, म्हणजे थंड अवस्थेत रस्त्यावरही वागणारा आणि हलक्या ट्रॅक वापराला पुरणारा पॅड. हॉक एचपी प्लससाठी सुमारे ३७ ते ४२७ अंश. त्याच कंपनीचा शुद्ध रेसचा डीटीसी ६० मात्र दोनशेच्या पुढे सुरू होऊन ८७० पर्यंत जातो. शेवटच्या पॅडवर धुळे–पारोळा रस्त्यावर समोर अचानक केळीचा ट्रक थांबला, तर काय होईल, याची कल्पना करावी. दोनशे अंशांची पायरी रस्त्यावरच्या पहिल्या ब्रेकला कधीच गाठली जात नाही. वरचा आकडा मोठा म्हणून पॅड चांगला, हा समज जितका पसरलेला आहे तितकाच धोक्याचा आहे.

आपली डिस्क प्रत्यक्षात किती तापते, हे अंदाजाने ठरवू नये. डिस्कच्या कडेला लावायचा तापमानदर्शक रंग मिळतो. त्यातील हिरवा ४३० अंशांवर, नारिंगी ५६० वर आणि लाल ६१० वर कायमचा बदलतो. चौथ्या खेपेला मी तिन्ही ठिपके लावून ट्रॅकवर उतरलो. परतल्यावर हिरवा आणि नारिंगी दोन्ही बदललेले होते, लाल शाबूत होता. म्हणजे डिस्क ५६० ते ६१० च्या मध्ये गेली होती. या एका नोंदीने माझी निम्मी यादी आपोआप कापली गेली, पाचशेला थांबणारे पॅड बाद झाले आणि आठशेची बढाई मारणाऱ्यांचीही गरज उरली नाही. हातात धरायची इन्फ्रारेड गन मात्र येथे फसवते. चकचकीत डिस्क उष्णतेचे उत्सर्जन कमी करते, म्हणून आकडा खोटा कमी येतो, आणि पिटमध्ये येईपर्यंत डिस्क निवलेलीही असते.

दोन्हीकडे चालेल असा एकच पॅड हवा, ही प्रत्येकाची इच्छा असते. वर्षातून एकदा, लहान ट्रॅकवर, तीन-चार फेऱ्यांच्या सत्रांत गाडी चालवणाऱ्यासाठी ती पूर्ण होऊ शकते. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आहे. तेथे सरळ पट्टा लहान, म्हणून वेग कमी आणि वेगाच्या वर्गाने वाढणारी ऊर्जाही कमी. ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर माझ्या गाडीसाठी तरी ही तडजोड टिकली नाही. मी आता रस्त्याचे पॅड घालून जातो, ट्रॅकचे पॅड डिकीत ठेवतो आणि तेथे पोहोचल्यावर बदलतो. जॅक, दोन पान्हे, पिस्टन मागे दाबायला एक शिकंजा आणि चाळीस मिनिटे एवढे पुरते. पिस्टन दाबताना टाकीतील ऑइल वर येते, म्हणून आधी थोडे काढून ठेवावे, नाहीतर ते सांडून गाडीचा रंग खाते.

येथे एक खाच आहे. एका पॅडचा थर दुसऱ्या जातीच्या पॅडला मानवत नाही. रस्त्याच्या पॅडच्या थरावर ट्रॅकचा पॅड घातला, तर दोन थर मिसळून पुन्हा डाग पडतात. चांगला उपाय म्हणजे प्रत्येक पॅडची स्वतःची डिस्क जोडी ठेवणे. स्वस्त उपाय म्हणजे डिस्क जाड पॉलिश पेपरने गोलाकार घासून, ब्रेक क्लीनरने धुऊन नवा पॅड मुरवणे. छोट्या गाडीच्या साध्या डिस्क तुलनेने स्वस्त असल्यामुळे मी पहिला मार्ग धरला आहे.

मुरवणे म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे फार ढिलाई आहे. "दोनशे किलोमीटर हळू चालवा, बसतील" एवढेच सांगितले जाते. रस्त्याच्या साध्या पॅडला ते चालून जाते, ट्रॅकच्या पॅडला नाही. पॅडच्या डब्यावरची पद्धत असेल तर तीच पाळावी. नसेल तर, मी पहाटे मोकळ्या, सरळ आणि मागे-पुढे कोणी नसलेल्या रस्त्यावर शंभरवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा बऱ्यापैकी जोराने ब्रेक मारतो, एकदाही पूर्ण थांबत नाही, आणि नंतर दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता डिस्क वाऱ्याने निववतो. पाचव्या-सहाव्या वेळी जळका वास येतो. त्याने घाबरू नये, पण चहाच्या टपरीवर थांबूही नये. डिस्कवर सर्वत्र एकसारखी करडी निळसर झाक आली, की पॅड मुरला. झाकेऐवजी पट्टे आले, तर पेपर मारून पुन्हा सुरुवात करावी.

चांगला पॅड वाया घालवणाऱ्या गोष्टी

आपल्या भागातील काळ्या मातीची धूळ अत्यंत बारीक असते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शिवाररस्त्यांवरून गाडी गेली की कॅलिपरच्या सरकत्या पिना महिनाभरात जड होतात. पीन जॅम झाली, की आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजतो किंवा एकच पॅड तिरका झिजतो, डिस्क एका बाजूने जास्त तापते, आणि दोष मात्र पॅडच्या दर्जाला दिला जातो. पॅड काढल्यावर त्याची चारही कोपऱ्यांची जाडी मोजावी. एक मिलिमीटरहून जास्त फरक असेल, तर नवे पॅड घेण्याआधी पिना साफ कराव्यात. त्यांना सिलिकॉनचे ब्रेक ग्रीसच लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस रबराला फुगवते आणि पिना आणखी घट्ट बसतात. धुळ्यातल्या दोन गॅरेजांत मी बेअरिंग ग्रीसच लावताना पाहिले आहे.

माझ्या गाडीला मागे ड्रम आहेत. पुढे जास्त पकडीचा पॅड घातला, की ब्रेकचा भार आणखी पुढे झुकतो, पुढची चाके लवकर अडू पाहतात आणि एबीएस लवकर फडफडू लागते. म्हणून पुढच्या पॅडचा घर्षणांक मूळ पॅडच्या फार वर नेण्यात अर्थ नाही. आपल्याला हवी आहे ती जास्त उष्णतेत टिकणारी पकड, जास्त पकड नव्हे. उलट फक्त मागच्या ड्रममधील लायनर (तेथे पॅडचे काम करणारा भाग) जहाल घालणे धोक्याचे आहे, कारण ब्रेक मारताना मागची बाजू सुटू शकते.

ट्रॅकवरील शिस्तीबद्दल थोडेच सांगतो. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी शक्यतो ब्रेक न लावता काढावी. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा आणि दोन-तीन मिनिटांनी ती हातभर पुढे ढकलावी, म्हणजे पॅड डिस्कच्या एकाच जागेवर तापत बसत नाही.

चौथ्या खेपेनंतर घरी येऊन त्याच टर्नरकडे रस्त्याच्या आणि ट्रॅकच्या अशा दोन्ही जोड्या नेल्या. आठ खुणांवर सर्वांत जास्त फरक ०.०१ मिलिमीटरच्या आत होता, आणि त्याने लेथचे बटण दाबलेच नाही. त्यानंतर सहा हजार किलोमीटर झाले, स्टिअरिंग स्थिर आहे. राहिलेली अडचण ट्रॅकच्या पॅडच्या झिजेची आहे. एका दिवसात ते तीन मिलिमीटर उतरले. माल निम्म्याखाली गेलेला पॅड मी पुन्हा ट्रॅकवर नेत नाही, कारण पॅड जितका पातळ, तितकी उष्णता लवकर पिस्टनपर्यंत आणि तेथून ऑइलपर्यंत पोहोचते. म्हणून पुढच्या खेपेसाठी नवी जोडी आणि ऑइलच्या दोन बाटल्या यांची मागणी आताच नोंदवली आहे.